जिल्हाधिकारी महोदय, मी परत येते आहे

मा. जिल्हाधिकारी,
कुमुरम भीम आसिफाबाद जिल्हा, तेलंगणा
यांस,



मी वांकिडीची. यंदाचा उन्हाळा लंडनमधल्या एका विद्यापीठात जुनी कागदपत्रं आणि छायाचित्रं जपण्याचं काम शिकण्यात गेला. आता बॅग भरायला काढली आहे. उन्हाळा म्हणजे इथला. आपल्याकडे तेव्हा कपाशीची निंदणी-डवरणी चालू होती आणि वडील फोनवर नाला किती चढला ते सांगत होते. पोळ्याच्या आत घरी पोचेन. पण एक काम असं आहे की ते माझ्या एकटीच्या येण्याने होणार नाही, त्याला तुमच्या कार्यालयाचं पत्र लागेल. म्हणून निघण्याआधीच लिहिते आहे. मराठीत अशासाठी की वांकिडी, केरामेरी, जैनूरकडे हे पत्र कुणी चार माणसांत वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्यांना समजावं. तेलुगूतला अर्ज वेगळा देईन, रीतसर.

आधी थोडं परतीबद्दल. इथे यायचा फॉर्म भरताना मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो जन्मस्थळाच्या रकान्यावर. माझा जन्म झाला तेव्हा आमचं गाव आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 2 जून 2014 ला राज्य बदललं, 11 ऑक्टोबर 2016 ला जिल्हा. आजोबा जन्मले ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि 1956 साली कुणीही न विचारता आंध्र प्रदेशवासी झाले. घर मात्र जागचं हललेलं नाही. कुडाच्या भिंती गेल्या आणि विटांच्या आल्या, एवढाच काय तो बदल. लंडनमध्ये कुणी ‘कुठची?’ म्हणून विचारलं की मी हैदराबाद सांगून सुटका करून घ्यायचे. चंद्रपूरच्या एका मुलाला वांकिडी सांगितलं तर म्हणाला, म्हणजे राजुऱ्याच्या पुढे. त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे. हैदराबादहून पाहिलं तर आम्ही आसिफाबादच्या पुढे. कोणाच्याही नकाशात आम्ही कशाच्या तरी पुढेच असतो.

तर तो फॉर्म. पाहुणा म्हणून येऊन सहा महिन्यांपर्यंत शिकायची मुभा इंग्लंड देतं. अट अशी की मुदत संपली की तुम्ही निघून जाल याची अधिकाऱ्याला खात्री वाटली पाहिजे. मी शिकवते त्या शाळेचं रजेचं पत्र जोडलं, वडिलांचं पट्टादार पासबुक जोडलं, बँकेचा उतारा जोडला. गंमत पाहा, मी परत येईन की नाही याची एवढी बारीक चौकशी एका परक्या देशाने केली. माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात तो प्रश्न कुणालाच पडला नाही. उलट शेजारचे काका निघताना म्हणाले, ‘कायले येतं वापस? तिकडंच पाय ना काम.’ त्यांचं काही चुकलं नाही. हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला लोक व्हिसासाठी 11 प्रदक्षिणा घालतात आणि व्हिसा मिळाला की 108. आपलं पोर परत यावं म्हणून तिथे कुणी प्रदक्षिणा घालत असेल असं वाटत नाही.

सरकारचंही तसंच. आपल्या राज्यात डॉ. आंबेडकरांच्या आणि महात्मा फुल्यांच्या नावाने परदेशी शिक्षणाच्या विद्यानिधी योजना आहेत, 20 लाखांपर्यंत मदत मिळते. चांगल्या योजना आहेत, त्यांच्यामुळे ज्यांनी कधी विमानतळ पाहिला नव्हता अशा घरांतली मुलं मास्टर्स करून आली. पण या योजना पूर्ण पदवीसाठी. उन्हाळ्यातला छोटा अभ्यासक्रम करून पुन्हा आपल्या कामावर रुजू होणारी मास्तरीण त्यांच्या चौकटीत बसत नाही. माझी निम्मी फी विद्यापीठाने माफ केली. उरलेले पैसे कपाशीतून आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून आले. तक्रार म्हणून हे सांगत नाही, पाटल्या सुटतील. जायची शिडी बांधणारे पुष्कळ आहेत. आलेल्या माणसाने काय करायचं, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नसतं, ते मनात आहे म्हणून सांगितलं.

बाबासाहेबांच्या बाबतीत तर ते लेखी होतं. 1913 मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले ते परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून. 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्ध्यात सोडून परत यावं लागलं. त्यांची पुस्तकं ज्या बोटीतून येत होती ती सॅलसेट बोट टॉर्पेडोने बुडाली. आणि करार पाळायला बडोद्याला गेले तर राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. संस्थानाने जाण्याचा खर्च केला होता, परत येण्याचा करार लिहून घेतला होता, फक्त आलेल्या माणसाला खोली द्यायची तयारी गावात कुणी केली नव्हती. इथे किंग हेन्रीज रोडवर ते ज्या घरात 1921-22 मध्ये राहिले ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं आणि आता ते पाहता येतं. मी गेले होते. तिथल्या जिन्यावर उभी असताना बडोद्याचाच विचार डोक्यात होता.

आता मूळ काम.

अभ्यासक्रमात एका दुपारी आम्हाला ब्लूम्सबरीतल्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या ग्रंथालयात नेलं. तिथे प्रा. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा संग्रह आहे. हजारो छायाचित्रं, चित्रफिती, डायऱ्या. तुमच्या कार्यालयाला हे नाव सांगायला नको, दरवर्षी 11 जानेवारीला मारलवाईत त्यांची आणि त्यांच्या पत्नी बेट्टी एलिझाबेथ यांची पुण्यतिथी होते, तिला अधिकारी जातात. पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते.

हायमेनडॉर्फ हे मानवशास्त्रज्ञ, मूळचे व्हिएन्नाचे. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते हिंदुस्थानात होते. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळलेला, त्यामुळे खिशात जर्मन पासपोर्ट, म्हणजे इंग्रजांच्या लेखी शत्रू. तुरुंगात टाकण्याऐवजी त्यांना निजामाच्या हद्दीत राहायची मोकळीक मिळाली. म्हणजे घरी जाता येत नाही म्हणून एक माणूस आमच्या मुलखात अडकला. इकडे 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचे पुढारी कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले होते, आणि हे गोंड एवढे का पेटले ते सरकारला समजून घ्यायचं होतं. ते काम हायमेनडॉर्फांकडे आलं. त्यांनी आणि बेट्टीने मारलवाईत झोपडी बांधून मुक्काम ठोकला, आणि पुढे तिथेच गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. मुलांना पहिली अक्षरं गोंडी भाषेतली आणि देवनागरी लिपीतली दिली, कारण या डोंगरात बाजाराची आणि व्यवहाराची भाषा मराठी होती आणि लिपी ओळखीची होती. त्यांच्या अहवालांनंतर गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे मिळाले. याच कामात आपले सेतुमाधवराव पगडी होते. शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण तरुणपणी हा निजामाच्या मुलकी सेवेतला अधिकारी आदिलाबादच्या जंगलात गोंडी शिकला आणि त्याने गोंडीचं व्याकरण लिहिलं, हे वांकिडीतही फार जणांना माहीत नाही.

बेट्टी 1987 मध्ये हैदराबादला गेल्या. त्यांना मारलवाईत पुरलं. हायमेनडॉर्फ 1995 मध्ये लंडनला वारले, पुढे त्यांच्याही अस्थी बेट्टींच्या शेजारी आणल्या गेल्या. व्हिएन्नाचा माणूस शेवटी जैनूर मंडलात परत आला, आणि त्याने काढलेली आमच्या लोकांची चित्रं लंडनमध्ये राहिली.

वाचनकक्षाचे नियम तुम्हाला परिचयाचे असतील. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर, हात कोरडे. समोर आलेल्या चित्रांत एक बाई होती. अंगणात सुपाने धान्य पाखडते आहे. भुसा उडताना सुपाच्या पुढे धुरकट पट्टा उमटलेला. मान जराशी वळवलेली, छायाचित्र काढणाऱ्याकडे नव्हे, अंगणाच्या कोपऱ्याकडे, बहुधा तिथून कोणीतरी काही बोललं असावं. तिच्या पाठीशी उभं एक पोर, दोन अडीच वर्षांचं, लुगड्याच्या निऱ्या मुठीत घट्ट धरून. त्या मुठीवरून नजर हटेना. मग नोंद वाचली. गोंड स्त्री, आदिलाबाद. बस. तिचं नाव नाही. मी चाळलेल्या पुष्कळ नोंदी तशाच निघाल्या. गावाचं नाव आहे, सण आहे, अवजार आहे, नाव नाही.

यात हायमेनडॉर्फांना झोडपायचं कारण नाही. त्यांच्या वहीत काही नावं असतील, काही निसटली असतील. पण मला वर्गात हेच शिकवलं, की ज्याच्या नोंदीत नाव नाही ती वस्तू अर्धी हरवलेलीच समजा, कपाटात कितीही नीट ठेवलेली असो. आणि ही नावं लंडनमध्ये कुणालाच सांगता येणार नाहीत. ती मारलवाईत, जैनूरमध्ये, केरामेरीच्या डोंगरात कोणाच्या तरी तोंडात आहेत. ते पोर आज असेल तर ऐंशीच्या पुढे गेलेलं. गुसाडी नाचाचे गुरू कनकराजू मारलवाईचेच, त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2024 च्या दिवाळीआधी ते गेले. या चित्रांतल्या दंडारीच्या मेळ्यात कोण कोण नाचतंय ते त्यांच्यासमोर ठेवून विचारायचं राहूनच गेलं.

यातली बरीच चित्रं संकेतस्थळावर आहेत, घरबसल्या पाहता येतात, असं मला इथल्या ग्रंथपालबाईंनी मोठ्या आपुलकीने सांगितलं. खरंही आहे. पण इंग्रजी यादीत इंग्रजी शब्द टाकून आपल्या आजीला शोधणार कोण? मारलवाईचा कोणता म्हातारा? जाहीर प्रदर्शनात लावायला चांगल्या प्रती हव्या असतील तर परवानगी घ्यावी लागते, आणि एका खाजगी शाळेच्या मास्तरणीने मागण्यापेक्षा जिल्ह्याने किंवा उटनूरच्या आयटीडीएने, म्हणजे एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने, मागितलेलं बरं. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्या कार्यालयाने ग्रंथालयाला एक पत्र लिहावं. आदिलाबादच्या गोंड, कोलाम, परधान, आंध लोकांची चित्रं मागवावीत. येत्या 11 जानेवारीला मारलवाईत ती मांडावीत, आणि तिथून पुढे जैनूरच्या, केरामेरीच्या, वांकिडीच्या आठवडी बाजारात. बाजाराच्या दिवशी माणूस आपण होऊन येतो, त्याला बोलवावं लागत नाही. चित्रं फ्लेक्सवर छापली तरी चालतील. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला आसिफाबादच्या चौकात जितके फ्लेक्स लागतात, त्याच्या कितीतरी कमी खर्चात हे होईल. प्रत्येक चित्रापाशी एक शिक्षक वही घेऊन बसेल. कोणी म्हणालं ही माझी आजी, तर नाव, गाव, कुणाची लेक, कुणाची सून, सगळं गोंडीत, मराठीत आणि तेलुगूत उतरून घ्यायचं. ते लंडनला पाठवायचं आणि तिथल्या नोंदीत घालायला सांगायचं. पाठपुरावा मी करीन. तिथे कोणाला लिहायचं, कसं लिहायचं, हे शिकायलाच तर इथवर आले.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. जुन्या चित्रांत बायकांच्या अंगात चोळी नसते. तेव्हाची तशी रीत होती. पण आज त्यांच्या नाती साड्या नेसून शाळेत शिकवतात, आणि आजीचं तसं चित्र बाजारात लागलेलं त्यांना आवडेलच असं नाही. म्हणून आधी गावात पंचांना आणि घरच्यांना दाखवायचं, मग लावायचं. घरचे नको म्हणाले तर ते चित्र खाली काढायचं, वाद घालायचा नाही. इथल्या वर्गात या विषयावर दोन तास चर्चा झाली. मला वाटतं, मारलवाईच्या चावडीत ती अर्ध्या तासात संपेल.

आणखी एक, जे लिहिताना हात जरा अडतो. मी गोंड नाही. आम्ही माळी, घरात मराठी बोलणारे. हायमेनडॉर्फांच्या अहवालांत गोंडांच्या जमिनी कोणाकोणाकडे गेल्या ते लिहिलं आहे. सावकार आहेत, वतनदार आहेत आणि बाहेरून येऊन वसलेले शेतकरीही आहेत. आमच्यासारख्यांचे आजे-पणजे त्या शेवटच्या गटात येतात. वांकिडीतल्या कुणाही मराठी घरातला माणूस ही पानं वाचून आमचा यात संबंध नाही असं म्हणू शकणार नाही. प्रदर्शन झालं तर ही बाजूही मांडावी लागेल, नुसती नाचाची चित्रं लावून भागणार नाही. काही लोकांना ते झोंबेल, आमच्या काकांना नक्की.

दुसरी विनंती छोटी. आसिफाबादला किंवा जिल्हा ग्रंथालयात एक कोरडी खोली मिळाली तर बरं. निजामाच्या काळातले पट्टे, जुन्या शाळांची हजेरीबुकं, गावोगावच्या देवस्थानांच्या वह्या, हे सगळं सध्या कोणाच्या तरी माळ्यावर वाळवी खाते आहे. वाळवीचं काय करायचं, ओल कशी मोजायची, कागद कसा उघडायचा, एवढं मला आता येतं. पगार मागत नाही, शाळा सुटल्यावर येईन. पगडींचं गोंडी व्याकरण आणि हायमेनडॉर्फांची पुस्तकं तरी त्या खोलीत असावीत. जोडेघाटला संग्रहालय झालं त्याचा अभिमान आहे, पण संग्रहालयात वस्तू ठेवतात, कागद ठेवायला जागा वेगळी लागते.

बॅगेचं सांगायचं राहिलं. 23 किलोची मर्यादा. भाच्यांसाठी चॉकलेटं, शाळेतल्या मुलांसाठी पेन्सिली, आणि आम्लरहित कागदाचं एक रीळ, जे आपल्याकडे मिळवायला हैदराबादला चकरा माराव्या लागतील. ते रीळ बॅगेत तिरकं घातलं तरी एक टोक बाहेर येतं. वजनकाटा खाली ठेवून, वर बॅग उचलून, तीनदा आत-बाहेर केलं. जाड कोट इथेच एका नव्या मुलीला देऊन टाकला, वांकिडीत त्याचा उपयोग काय. आईला विचारलं, तुला काय आणू? तर म्हणाली, ‘काई आणू नोको वं, तू तेवढी ये.’ काकांनी मात्र एक शेव्हिंग मशीन सांगितलं आहे, तेही घेतलं.

विमान शुक्रवारी हैदराबादला उतरेल. सिकंदराबादहून कागजनगरच्या गाडीने आसिफाबाद रोडला उतरीन, तिथून बस. शनिवार-रविवार घरी झोप आणि निंदणी. सोमवारी प्रजावाणीला, म्हणजे तक्रारींच्या सुनावणीला, कलेक्टोरेटमध्ये येईन, तेलुगूतला अर्ज, ग्रंथालयाचा पत्ता आणि माझ्या नोंदींच्या वहीच्या झेरॉक्स घेऊन. रांगेत माझा नंबर लागेपर्यंत हे पत्र वाचून झालं असेल तर दोन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवावीत. लंडनला पत्र कोणाच्या सहीने जाणार, तुमच्या की उटनूरच्या प्रकल्प अधिकाऱ्यांच्या? आणि 11 जानेवारीच्या आधी आयटीडीएचा प्रोजेक्टर दुरुस्त होणार का?

आपली,
वांकिडीची एक शिक्षिका
लंडन, ऑगस्टअखेर